पानी मारता का रं?

आमच्या रोह्याच्या घरात माळ्यावर पत्र्याचा एक डबा आहे. त्यात तीन वस्तू आहेत. आजोबांचा पितळी कार्बाइडचा दिवा, नानाकाकाने हिमालयातून आणलेला काचेसारखा पांढरा दगड, आणि 212 नंबर ठोकलेला एक गोल बिल्ला. दर दिवाळीला झाडलोट करताना डबा खाली येतो, दिवा चिंचेने घासला जातो आणि सगळं परत आत जातं. लहानपणी मला त्या दिव्याचं फार आकर्षण. खालच्या भांड्यात कार्बाइडचे खडे, वरच्या भांड्यात पाणी. चावी फिरवली की पाणी थेंबथेंब खड्यांवर पडतं, गॅस सुटतो, त्याला काडी लावायची. लसणीसारखा उग्र वास यायचा. आजोबा सांगायचे, दिवा मुकादमाने दिला. आजी म्हणायची, कसला देतोय, आठ आण्याला घेतला. हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही.

आजोबा भिऱ्याच्या कामावर पाणक्या होते. वय तेराएक वर्षांचं. मुळशीला धरण, तिथून सह्याद्रीच्या पोटातून बोगदा, मग कड्यावरून पाइपांनी पाणी खाली भिऱ्याला, असं ते टाटांचं वीजघर 1927 साली सुरू झालं. वर मावळात सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 पासून चालू होता, लोक जमिनीसाठी तुरुंगात जात होते. खाली कोकणात आमच्यासारख्यांच्या घरात त्याच कामाने चूल पेटत होती. आजोबांना दोन्ही ठाऊक होतं. धरणाखाली गेलेल्या गावांतल्या माणसांविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. आजही कुंडलिकेला सकाळी जे पाणी येतं, कोलाडला ज्याच्यावर रबरी होड्या चालतात, ते भिऱ्याचं जनित्र फिरवून आलेलं असतं. त्या पाण्याशी आमच्या घराचं नातं तेव्हापासूनचं.

डोंगर फोडण्याशी नातं त्याहून जुनं. आजोबांचे आजोबा पेणकडचे. ते बोरघाटाच्या रेल्वेवर गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात माहीत. कुणाला यायला फार उशीर झाला की आजी अजून दारात उभी राहून म्हणायची, "घाटाला गेला का काय?" आम्ही पोरं हसायचो. पुढे वाचलं तेव्हा हसू थांबलं. कर्जत ते खंडाळा ही चढण 1856 ते 1863 या काळात बांधली गेली. 25 बोगदे, सगळे घण-छिन्नी आणि काळ्या दारूच्या सुरुंगांनी खोदलेले. 1861 च्या सुमारास एका वेळी 42,000 माणसं कामावर होती. पहिला ठेकेदार फॅविएल, त्याच्या काळात थकलेल्या मजुरीवरून 1859 च्या जानेवारीत दंगल झाली. मग आला सॉलोमन ट्रेडवेल. तो हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने गेला आणि त्याची बायको अॅलिस हिने तो ठेका पुढे चालवला. इतिहासात ही नावं आहेत. मजूर किती मेले याचा 24,000 हा आकडा वारंवार छापला जातो, पण तो अंदाज आहे. पटकीने, तापाने, दरडीखाली मेलेल्यांची नोंदवही कुणी ठेवली नव्हती. आमच्या पणजोबांच्या बापाची नोंद आजीच्या त्या एका वाक्यात राहिली.

आता भिऱ्याकडे येतो, कारण मला सांगायचं आहे ते तिथे आहे.

आजोबा होते त्या टोळीचं काम हातघणाचं होतं. एक जण पोलादी पहार धरून बसायचा, दोघे आळीपाळीने घण घालायचे, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. हातभर भोक पडायला अर्धा दिवस जायचा. त्या भोकात सारखं पाणी ओतावं लागे. कोरड्या भुकटीत पहार रुतून बसते, फिरत नाही. पाणी घातलं की चिखल होतो, तो लांब दांड्याच्या पळीने उपसायचा. चिखल अंगावर उडू नये म्हणून भोकाभोवती चिंधीची चुंबळ. आजोबांचं काम म्हणजे आधी माणसांना पाणी पाजायचं आणि मग भोकांना. "मानूस तान्हेला ऱ्हायला तं चालंल," ते सांगायचे, "भोक कोरडं ऱ्हायलं तं घनवाला बाप काढायचा."

हे पाणी कुणाच्या छातीची काळजी म्हणून नव्हतं. ते पहारीसाठी होतं. पण दगडाची भुकटी चिखल होऊन खाली राहायची, हवेत उडायची नाही, आणि माणसं फुकटात वाचायची. आमचे आजोबा 78 वर्षांचे होऊन 1989 साली गेले, आणि शेवटच्या वर्षापर्यंत ते गावच्या टेकडीवरच्या देवळात न थांबता चढून जायचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाबलेल्या हवेवर चालणारी भोकं पाडायची यंत्रं आली आणि हे उलटं झालं. यंत्र पाणी मागत नाही. हवेचा झोत भोकातली भुकटी बाहेर फेकतो, काम कितीतरी जलद होतं, आणि ती भुकटी समोर उभ्या माणसाच्या नाकातोंडात जाते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ध्यानात आलं. बोअर युद्ध संपून खाणी पुन्हा सुरू करताना यंत्र चालवणाऱ्या जुन्या गड्यांचा शोध घेतला, तर त्यांतले कितीतरी मरून गेलेले. तरणी माणसं. अमेरिकेत लेनर नावाच्या माणसाने त्याच सुमारास पोकळ पहारीतून थेट टोकाला पाणी सोडणारं यंत्र बनवलं. म्हणजे उपाय सव्वाशे वर्षांपूर्वीच हाती आला होता. तरीही 1930-31 साली अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियात, हॉक्स नेस्टच्या जलविद्युत बोगद्यावर, वेळ वाचवण्यासाठी कोरडी भोकं पाडली गेली. तिथला दगड जवळजवळ शुद्ध गारेचा, म्हणजे सिलिकाचा. मेलेल्यांचा आकडा काही शेकड्यांत आहे आणि त्यांतले बहुतेक काळे मजूर होते. आमच्या भिऱ्यासारखाच तोही डोंगरातून पाणी नेणारा बोगदा, आणि काळही जवळपास तोच. त्या दोन बोगद्यांचा विचार मी एकत्र करतो तेव्हा आजोबांची ती पाण्याची कावड डोळ्यांसमोर येते.

नाना आजोबांचा धाकटा मुलगा, 1948 चा जन्म. शेती थोडी, भावंडं पाच. विशीत तो बोगद्याच्या कामांवर गेला. आधी घाटमाथ्यावरची कामं, मग एका ठेकेदाराबरोबर थेट हिमालयात. तिथे पालमूरचे तेलुगू गडी असायचे, ओडिशाचे, बिहारचे, नेपाळचे. धरणं आणि बोगदे बांधत देशभर फिरणारी ती माणसं. नाना त्यांच्याकडून तेलुगूत मोजायला शिकला होता आणि आम्हाला एक ते दहा म्हणून दाखवायचा. आपटा ते रोहा रेल्वे 1986 साली सुरू झाली. त्या दिवाळीला नाना पहिल्यांदा गाडीने घरी आला. जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं त्याने आम्हाला पाठ म्हणून दाखवली. अंगात नवा स्वेटर, खिशात तो पांढरा दगड. "बघ, आपल्याकडं असा मिळत नाय," म्हणून त्याने तो माझ्या हातावर ठेवला.

त्या रात्री पडवीत आजोबांनी त्याला विचारलं, "पानी मारता का रं?"

"कुठं?"

"भोकाला."

नाना हसला. "बाबा, आता मशीन हाय. भोक वाऱ्यानंच साफ होतं." मशीनला पाण्याची नळी असते, हेही त्याने सांगितलं. पण पंप लांब, थंडीत पाणी गोठतं, गोठलं नाही तर बर्फासारखा चिखल बाहीतून काखेपर्यंत येतो. शिवाय पाणी लावलं की वेग कमी, आणि पैसे मीटरवर. म्हणून नळी गुंडाळून ठेवलेली. तोंडाला गमछा बांधला की झालं.

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग धूल कुठं जाते?"

"जाते की बाहेर."

मी तेव्हा विशीचा होतो, कॉलेजात शिकत होतो. मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं. धूळ कुठे जाते हे कळायला आम्हाला पुढची बारा वर्षं लागली.

डोळ्यांना दिसते ती धूळ तेवढी वाईट नसते. ती नाकात, घशात अडकते, खाकरून थुंकता येते. जी धूळ दिसतच नाही, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक, ती श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत उतरते, आणि गमछ्याच्या विणीतून ती सहज जाते. तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी तिला गिळतात. मातीचा कण गिळला तर पचतो किंवा बाहेर टाकला जातो. गारेचा कण गिळला तर पेशीच मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी, मग तिसरी. त्या जागी व्रण धरतो, गाठ होते, गाठीला गाठ मिळते. काम सोडलं तरी हे थांबत नाही, कारण कण आतच असतात. याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध आजही नाही.

इथे दगडात दगड वेगळा असतो. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. काळ्या पत्थरात मोकळी गार फार थोडी, असलीच तर पोकळ्यांमधल्या गारगोट्यांत. त्याची धूळही छातीला चांगली नाहीच, पण ती हिमालयातल्या दगडाइतकी मारक नाही. तिकडच्या खडकांत पांढऱ्या गारेच्या शिराच्या शिरा. नानाने मला हौसेने आणून दिलेला दगड तोच. आजोबांना वाचवण्यात पाण्याचा हात होता तसा आपल्या काळ्या डोंगराचाही असणार, असं मला आता वाटतं.

धुळीखेरीज बाकीचंही होतं. जिलेटीनच्या कांड्या हाताळल्या की डोकं फुटेल असं दुखायचं. त्यातला नायट्रोग्लिसरीन कातडीतून रक्तात जातो आणि रक्तवाहिन्या फाकतात, हे नानाला माहीत नव्हतं. तो म्हणायचा, दारूचा वास चढतो. सुरुंग उडाल्यावर गॅस पुरता निघून जायच्या आधी आत शिरायची घाई व्हायची. त्या गॅसमधला एक प्रकार असा दगाबाज, की माणूस बरा म्हणून खोलीवर जातो आणि रात्री त्याच्या छातीत पाणी भरतं. नानाच्या शेजारच्या खाटेवरचा एक नेपाळी मुलगा असाच सकाळी उठला नव्हता. हे त्याने फक्त एकदा सांगितलं. ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे नाना घरातही ओरडून बोलायचा आणि आई त्याला हळू बोला म्हणायची.

आणि बोटं. जॅकहॅमर वर्षानुवर्षं धरून बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात. थंडीत नानाची बोटं शेंड्याकडून पांढरीफटक पडत, खडूसारखी, मग निळी, मग ठणकत लाल. रोह्याची थंडी ती काय, पण तेवढ्यानेही त्याला सकाळी शर्टाची बटणं लावता येत नसत. काकू लावून द्यायची.

1990 साली कोकण रेल्वेचं महामंडळ झालं आणि रोह्यापासूनच कामाला सुरुवात झाली. आमच्या दारातून. 741 किलोमीटरचा मार्ग, 91 बोगदे, सगळे मिळून 84 किलोमीटर अंधार. एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटर. सगळा तालुका त्या दिवसांत रेल्वेच्या गोष्टींनी भरला होता. नाना सगळं सोडून घरी आला होता, या कामावर जायचंच म्हणून. पण स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना त्याला मध्ये दोनदा उभं राहावं लागत होतं. "घरच्या बोगद्याला छाती उरली नाय," असं तो पुढे म्हणायचा. रोहा ते वीर गाडी 1993 ला धावली, तेव्हा तो ती बघायला गेला आणि फलाटावर बसून राहिला.

त्याला टीबी आहे असं ठरलं. एका दवाखान्यात औषधं सुरू झाली, संपली, पुन्हा सुरू झाली. थुंकीत कधी जंतू सापडले नाहीत, तरी खोकला आणि फोटोवरचे डाग एवढ्यावर दोन वेळा पूर्ण कोर्स झाला. घरात त्याचं ताट-पेला वेगळा झाला, ही आमची चूक, आणि ती मला अजून खुपते. त्याची मुलगी त्याच्या मांडीवर बसायला यायची आणि तो तिला हाताने लांब करायचा.

1998 साली मी त्याला मुंबईत एका मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, बराच वेळ बघितला आणि नानाकडे वळून विचारलं, "काका, काम काय करत होतात?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने वैद्यांना सांगून ठेवलंय, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आमच्यापर्यंत यायला त्या प्रश्नाला 298 वर्षं लागली.

डॉक्टरने बोट ठेवून दाखवलं. फुप्फुसांच्या वरच्या भागात वाळू भुरभुरावी तसे ठिपके, आणि मध्यभागी गाठींभोवती पातळ पांढरी कड, अंड्याच्या टरफलासारखी. "हे दगडाचं आहे," तो म्हणाला. नानाने विचारलं, "मंजे टीबी नाय?" आज नाही, पण या छातीला टीबी लवकर धरतो, सांभाळा, असं त्याने सांगितलं. बाहेर बाकड्यावर येऊन नाना रडला. मला वाटलं भीतीने. तो म्हणाला, "पोरीला जवल घेता येल."

नुकसानभरपाईचं काय केलं, असं लोक विचारतात. सिलिकोसिस हा भरपाईस पात्र रोग म्हणून 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्याच्या यादीत होता. खाणीतल्या कामगाराची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी असा नियमही होता. खाणकामगारांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था होती, आधी कोलारला, मग आपल्या नागपूरला. कोलारच्या सोन्याच्या खाणींत 1940 च्या दशकात साडेसात हजारांवर कामगार तपासले, तेव्हा शंभरातल्या सुमारे चव्वेचाळीस जणांना हा रोग निघाला होता. पण बोगदा म्हणजे खाण नव्हे. तो बांधकामात मोडतो, आणि बांधकाम मजुरांसाठी वेगळा कायदा यायला 1996 साल उजाडलं. नानाकडे नेमणुकीचा कागद नव्हता, पगाराची पावती नव्हती. ठेकेदाराची वसाहत कधीच उठून गेली होती. काम चालू असताना दरड पडून माणूस मेला तर तो मोजला जातो. धूळ दहा-पंधरा वर्षांनी मारते, तोवर मोजणारे घरी गेलेले असतात. रत्नागिरी स्टेशनजवळ कोकण रेल्वे बांधताना प्राण गेलेल्या 74 जणांचं स्मारक आहे, तिथे मी चप्पल काढून उभा राहिलोय. तशी मोजदाद झाली हे मोठं काम आहे. देशभरच्या बोगद्यांतून छातीत दगड घेऊन गावोगाव परतलेल्यांची मोजदादही व्हायला हवी. गोध्र्याच्या गारेच्या कारखान्यांत मेलेल्या मध्य प्रदेशातल्या 238 आदिवासी मजुरांच्या घरच्यांना प्रत्येकी 3 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सांगितलं, राजस्थानने 2019 ला या रोगासाठी धोरण केलं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

शेवटची चार वर्षं नाना पेणला होता. माझं आजोळ हमरापूरचं, मामाचा गणपतीचा कारखाना. घरात बसून तो कुढत होता, म्हणून मामा घेऊन गेला. कारखान्यातही धूळ असते. साच्यातून काढलेली मूर्ती वाळली की पॉलिश पेपरने घासतात, तेव्हा पडवी पांढरी होते. प्लॅस्टरची भुकटी गारेइतकी वाईट नाही, पण नानाच्या छातीत आणखी कशालाच जागा नव्हती. मामाने त्याला घासकामापासून लांब ठेवलं आणि आखणीला बसवून पाहिलं. डोळ्यांची आखणी म्हणजे कारखान्यातलं सगळ्यांत मानाचं काम. नानाने ब्रश धरला, श्वास रोखला, पण बोटांना ब्रश लागतच नव्हता. रेघ पापणीवरून गालावर उतरली. त्याने ब्रश ठेवला आणि म्हणाला, "द्येवाला आंधला करंन मी."

मग तो शाडू भिजवायला बसला. ओली माती, मळायची, गोळे करायचे. ते त्याला जमलं आणि आवडलं. त्याच दिवसांत त्याने कारखान्यात एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी झाडू मारायच्या आधी तो बादली घेऊन सगळ्या जमिनीवर पाणी शिंपडायचा, पोरांना कोरडा झाडू लावू द्यायचा नाही. घासकाम करणाऱ्यांना ओल्या फडक्याने मूर्ती पुसायला लावायचा. पोरं चेष्टा करायची, नाना सडा घालतोय. तो खुर्चीत बसून, धापा टाकत, त्याच्या त्या मोठ्या आवाजात ओरडायचा, "पानी मारलं का रं?"

2003 च्या आषाढात तो गेला. 55 वर्षांचा होता. आजोबांपेक्षा तेवीस वर्षांनी लहान.

गेल्या काही वर्षांत रायगडात पुन्हा डोंगर फुटले. कशेडीचे जोड बोगदे झाले, खोपोली ते कुसगाव मार्गावर जवळजवळ 9 किलोमीटरचा एक बोगदा झाला. ते काम चालू असताना खोपोलीत चहाच्या टपरीवर मला झारखंडचा एक मुलगा भेटला, पायांत चिखलाचे गमबूट, गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र. बोगद्यावर आहेस का विचारल्यावर हो म्हणाला. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "पानी मारते हो क्या, ड्रिल में?" तो जरा बघत राहिला. "मारते हैं चाचा. पानी के बिना तो मशीन चालू ही नहीं होती." त्याच्या चहाचे पैसे मी दिले. का, ते त्याला कळलं नसेल.

निघताना त्याने ओळखपत्र दाखवलं. आत जाताना आणि बाहेर येताना ते यंत्राला लावायचं, आत किती माणसं आहेत ते पडद्यावर दिसतं. नानाच्या वेळी लाकडी फळी असायची, खिळे ठोकलेली. आत जाताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा. पाळी संपवून वर आला, की बिल्ला काढून खिशात. फळीवर बिल्ला उरला नाही, म्हणजे सगळी माणसं बाहेर आली.

212 नंबरचा आमच्या डब्यात आहे.